तिसरं ताट

चि. बंटीस,

झरीहून वामनरावांचे अनेक आशीर्वाद. तू, तुझी यवतमाळजवळच्या लोहाऱ्याची कंपनी आणि सख्ख्या बहिणींच्या धोंड्याच्या जेवणालाही तुला सुटी न देणारा तुझा साहेब, सगळे ठणठणीत असाल अशी आशा आहे. मी ठणठणीत नाही. (घाबरू नकोस. चहा घेत वाच.)

परवा मुकुटबनला तुमच्या घरी अधिकमासाचं जेवण झालं. एकोणीस वर्षं त्या घरचा मी एकटा जावई. पहिलं ताट माझं, कूलरचं तोंड माझ्याकडे, आणि मी घास घेतल्याशिवाय कोणी ताटाला हात लावत नसे. मानापानाचं मला काही नाही, हे तू जाणतोसच. पण यंदा तुझ्या धाकट्या बहिणीचे, समीक्षाचे यजमान इंद्रजितराव आले होते. नवे जावई, त्यात आरोग्य खात्यात पक्की नोकरी! पहिलं ताट तिकडे, कूलर तिकडे. माझं ताट आलं ते तिसरं, तुझ्या काकांच्याही नंतर. वर तुझी आई म्हणाली, "तुमी तं घरचेच आहा." माणसाला घरचा म्हटलं की त्याचा मान संपलाच समज. मी ताटाला हातच लावला नाही. खरं सांगतो, वाईट वाटलं.

माझा चेहरा पाहून इंद्रजितनं पिशवीतून बीपीचं मशीन काढलं, माझ्या दंडाला पट्टा आवळला, कानाला नळ्या लावल्या आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, एकशेसाठ! "बाप्पा! जवाई, एवढं आंगात घेऊन फिरून राह्यले काय?" म्हणत तुझी आई धावली. हात टेकायची खुर्ची आली, कूलर वळला, इंद्रजितराव स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन उभे! माझ्यापुढचे तुपातले धोंडे मात्र उचलले गेले आणि अळणी खिचडी आली. (काकांनी माझे धोंडेही खाल्ले.) पण बंटी, इतकी चवदार खिचडी मी जन्मात खाल्ली नाही.

तब्येतीला जप.

तुझा,
वामनराव

ता. क. निघताना फाटकाशी इंद्रजितनं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "भाऊ, काही झालं नाही तुमाले. काटा एकशेवीसवरच होता. तुमचं तोंड पाहून मलेच कसंतरी वाटलं, म्हणून वाढवून सांगतलं." पोरगा वाईट नाही, हीच पंचाईत आहे.

आणखी ता. क. तेव्हापासून डोकं खरंच ठणकतंय आणि छाती धडधडते. यवतमाळात एखादा चांगला डॉक्टर पाहून ठेव. कसाही चालेल, फक्त सोयऱ्यातला नको.