दुपारच्या झोपेवर नवलाईचा कौल

२ एप्रिल २००१
बँकेतून व्हीआरएस घेऊन कायमचा गावी आलो. सत्तावीस वर्षं मुंबईला दिली, उरलेली कोकणच्या प्रॉडक्टिव्हिटीला. लांज्याला एसटीतून उतरलो तेव्हा दुपारचे दोन. बाजारात चिटपाखरू नाही. रिक्षावाला मागच्या सीटवर, पाय बाहेर काढून. हलवून उठवला तर म्हणाला, चारनंतर या. रोगाचं निदान पहिल्याच दिवशी झालं.

३ एप्रिल
पडवीत बायकोने, मालिनीने, काजूचं काम चालवलंय. गावातल्या बायका सकाळी येऊन बिया फोडतात, जेवून तिथेच ओळीने आडव्या होतात, चारला पुन्हा बसतात. लांज्याचा व्यापारी सगळा माल उचलणार आहे, पण वेळेत मिळाला तरच. मालिनीला म्हटलं, ही झोप काढली तर उत्पादन दीडपट. ती म्हणाली, झोप काढलीत तर बोटं कापतील. अनुभवावरून बोलते बिचारी.
इतकी वर्षं तिने एकटीने घर चालवलं. आता मी आलोय, हे तिला कुठेतरी जाणवायला हवं. अजून जाणवलेलं दिसत नाही.

५ एप्रिल
संकल्प: दुपारी झोपणार नाही. कोणाला झोपू देणार नाही.
दोन वाजता थाळी वाजवत पडवीतून फेरी. बायकांमधली वडीलधारी हौसा उठली, थाळी माझ्या हातातून घेतली, उशाला घेऊन पुन्हा झोपली. लोक योजनेची साधनं आपलीशी करतायत. चांगली खूण.

६ एप्रिल
जेवणानंतर पुढच्या टप्प्याचा विचार करायला आरामखुर्चीत बसलो. विचार साडेचारला संपला. मालिनी म्हणते, घोरत होतात. एकाग्रतेत श्वास मोठा होतो, हे तिला कोण सांगणार.

८ एप्रिल
देवळात सभा घेतली. विषय: सर्वसमावेशक विकास. सगळा गाव आला, कारण सभा संध्याकाळी होती. आत्माराम गुरव म्हणाला, गावाच्या रीतीत बदल करायचा तर ग्रामदेवी नवलाईला विचारूया. कौल लावायचा. म्हणजे देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली पाकळी चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि बसायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.
मला पटलं. देवीनेच हो म्हटलं तर थाळी वाजवायला नको. प्रश्नाचा ड्राफ्ट मीच केला, व्यापक ठेवला: ‘या गावाने काम दिवसभर करावं का, याचा निकाल व्हावा.’

१० एप्रिल
कौल लावला. पाकळ्या पुरवायचं काम मी मागून घेतलं. रिस्क कमी करणं ही बँकेची शिकवण. परसातला कच्चा फणस चिरून त्याचा चीक डाव्या पाकळीला लावला, म्हणजे नकार पडायलाच नको. देवीची फसवणूक वगैरे नाही, तिला फक्त थोडं मार्गदर्शन.

१० एप्रिल, संध्याकाळी
फणसाला हात लावण्याआधी हाताला तेल लावायचं असतं, हे मुंबईत राहून विसरलो. चीक बोटांना, बोटांचा दुसऱ्या पाकळीला. दोन्ही पाकळ्या देवीला घट्ट.

१२ एप्रिल
काही पडलं नाही. रीत अशी, की निकाल होईपर्यंत कौलातल्या गोष्टीला हात लावायचा नाही. कौलातली गोष्ट ‘काम’. शेजारच्या सदूने पालापाचोळा जाळून शेत भाजायची भाजावळ अर्धवट सोडली. पोस्टमनने पत्रं देवळाच्या पायरीवर ठेवली आणि शेजारी बसला. मी बायकांना म्हटलं, निदान सकाळी तरी काम करा. हौसा म्हणाली, भावजी, देवीन हूं म्हटल्याबिगर आमी बीला हात लावायचो नाय. आणि सकाळीच आडवी झाली.

१३ एप्रिल
हा कौल आपल्यालाही लागू आहे, असं शेजारच्या दोन वाड्यांनी ठरवलं. योजनेचा विस्तार होतोय.

१५ एप्रिल
व्यापाऱ्याचा निरोप: दोन दिवसांत माल सुरू झाला नाही तर दुसरीकडून घेईन. मालिनीने तो ऐकला आणि फोडायच्या बियांच्या राशीजवळ जाऊन बसली. हे काम तिने शून्यातून उभं केलंय, आणि माझ्या चिकाने ते बुडणार. चिकाचं सगळ्यांना सांगून टाकावं असं ठरवलं. पण सगळे झोपले होते.

१७ एप्रिल
सकाळी मालिनी खोबरेल तेलाची वाटी घेऊन देवळात गेली. मागोमाग मी, मागोमाग गाव. तिने आत्मारामला विचारून देवीचे खांदे तेलाने पुसले. दोन्ही पाकळ्या अलगद सुटल्या. मग तिने माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. चिकाचे काळे डाग तेवढ्यात कसे जाणार. आत्मारामला म्हणाली, आधीचा प्रश्न मी मागे घेतलाय, आता दुसरा कौल लाव. आमच्या ह्यांना पावसाळ्यापर्यंत मुंबईला वरदकडे पाठवू का, विचार.
वरद आमचा मुलगा. त्याला वन रूम किचन आहे.
आत्मारामने तेलकट खांद्यांवर नव्या पाकळ्या लावल्या. त्याचं देवीपुढचं गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आधीच उजवी पाकळी पडली. सगळा गाव एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणाला. एवढं एकमत माझ्या एकाही प्रस्तावाला मिळालं नव्हतं.

१७ एप्रिल, एसटीत
गाडी दोनची. आमच्या घरावरूनच जाते. खिडकीतून पाहिलं तर भर दुपारी पडवीत एकही बाई झोपलेली नव्हती. बुडालेले दिवस भरून काढत होत्या. बिया फोडल्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. माझी योजना पूर्ण क्षमतेने चालू झाली होती.
मी हात हलवला. मालिनीने मान वर केली नाही. वर पाहिलं असतं तर तिचा कामाचा हात थांबला असता, हे मला समजतं. तरी एकदा पाहायला हवं होतं.