राजे, वाकड्या आणि बाबांची तांबडी जात

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात निम्माच जमला असता, पण कागदावर पूर्ण घालतो). तुझं पित्त आणि भावोजींचा गुडघा एव्हाना ताळ्यावर आले असतील. इथे सगळे ठणठणीत. माझे तर आठ दिवस पाय जमिनीवर नाहीत, कारण बाबांच्या तांबड्या कोंबड्या अस्सल जातीच्या नोंदवहीत जाणार आहेत. जाणार म्हणजे, जवळजवळ जाणार. थांब, नीट सांगतो.

गेल्या आठवड्यात नोंदवही ठेवणाऱ्या मंडळाचा तपासनीस आला. माणूस किरकोळ, पण नजर अशी की कोंबड्यांचं सोड, मीही ताठ उभा राहिलो. त्याने पाचही कोंबड्या एकेक करून बगलेत घेतल्या, पंख पसरून पाहिले, पाठी मोजल्या, पाय नखांपर्यंत तपासले (एकीने त्याच्या वहीवर आपला अभिप्रायही दिला) आणि म्हणाला, इतकं शुद्ध रक्त वीस वर्षांत पाहिलं नाही. ताई, मला रडूच आलं. बाबांच्या मागे तीन वर्षं निवडून निवडून कळप सुधारला, हलक्या हाडाची बाजूला काढली, घरात बोलणी खाल्ली, त्याचं चीज झालं. आता अट एकच. दोन महिन्यांनी तो परत येईल तेव्हा याच कोंबड्यांची पिल्लं दाखवायची. पिल्लं असली तर नोंद. नसली तर ही जात संपली असं तो लिहून टाकणार, कारण दुसऱ्या कोणाकडे ती उरलेलीच नाही.

आता नरांकडे वळतो. माझ्याकडे दोन होते, राजे आणि वाकड्या. राजे म्हणजे ताठ तुरा, छाती पुढे, चालणार असे की घर त्यांचं आणि आम्ही भाडेकरू. वाकड्याचा तुरा मात्र डाव्या डोळ्यावर कललेला. नियमाप्रमाणे तुरा सरळच हवा, म्हणून दोन महिन्यांपूर्वी मी काळजावर दगड ठेवून वाकड्याला तुझ्याकडे पाठवला, 'भावोजींच्या ताटासाठी' अशी चिठ्ठी लावून. तपासनिसाने भिंतीवरच्या फोटोत नेमका तोच हेरला. कुठे आहे म्हणाला. बहिणीकडे, म्हटलं, तुरा वाकडा म्हणून. तर तो शांतपणे सांगतो की हा जन्माचा दोष नव्हे, लहानपणी तुरा कशात तरी चेमटलाय. मग आठवलं. खुराड्याची झडप पडली होती आणि तिची दोरी माझ्याच हातात होती. गुन्हा माझा आणि हद्दपार तो झाला. तुझी वहिनी त्या दिवशी जेवेपर्यंत हसत होती.

तरी म्हटलं, राजे आहेत ना. दहा दिवस जमवलेली चोवीस अंडी (स्वयंपाकघरातल्या थंड कोपऱ्यात, टोक खाली करून) त्याच दिवशी उबवणी यंत्रात ठेवली. काल आठव्या दिवशी खोलीत अंधार करून एकेका अंड्यामागे टॉर्च धरला. चोवीसांपैकी एकातही रक्ताची रेघ नाही, म्हणजे एकही अंडं फळलेलं नाही. राजे नुसते दिसायचे होते. माझं डोकं असं फिरलं की आज सकाळच्या टेम्पोने त्यांनाही तुझ्याकडे रवाना केलं, तशीच चिठ्ठी लावून. शास्त्र हे शास्त्र, तिथे दयामाया नाही.

बाकी क्षेम. भावोजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : वाकड्या आहे ना गं? सहज विचारतो. म्हणजे हिंडताफिरता आहे ना? असेल तर त्याच टेम्पोने परत पाठव. तुझ्या पाया पडतो. बाबांची जात आता त्याच्यावर आहे.

ता. क. २ : पत्र वाचून तुझी वहिनी खालीच बसली. म्हणते, यंत्रातली अंडी आपल्या कोंबड्यांची नव्हतीच. घरची अंडी चवीला उजवी, यंत्राला काय कळतंय, म्हणून ती रोज दोन-तीन काढून त्यांच्या जागी दुकानातली ठेवत होती, ज्यांना कोंबडा ठाऊकच नसतो. दहा दिवस रोज सकाळी ऑम्लेट मीच खाल्लं, वर वाखाणलंही. म्हणजे राजांचा काही दोष नाही. आत्ता माझ्याकडे पाच कोंबड्या आहेत, कोंबडा एकही नाही, आणि होते ते दोन्ही माझ्याच चिठ्ठ्या घेऊन तुझ्या स्वयंपाकघराकडे आलेत. म्हणून हे पत्र टपालात न टाकता वायरमनच्या स्कूटरवर पाठवतोय. दोघांतला जो हाती लागेल त्याला वाचव, आणि ताई, हे पत्र वाचायच्या आधी गॅस बंद कर.