जाड थर नटाच्या बाजूला

ता. ४ मार्च

तीर्थरूप मामांस,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या कानांपुढे फोन हात टेकतो, म्हणून पत्र. आईने घोळ घातला आहे. दवाखान्याच्या जीपचा मागचा उजवा शॉकअप तेल गाळत होता. नवा यायला दोन महिने, म्हणून मी तो घरीच ओट्यावर खोलला. आधी गॅस सोडला, तेल काढलं, पिस्टनच्या दोन्ही बाजूंच्या चकत्या क्रमाने कागदावर मांडल्या आणि दारावर कोण आलंय ते बघायला गेले. परत येते तो काय! आईने सगळ्या चकत्या भांड्यांच्या साबणाने घासून, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावलेल्या. वर मलाच म्हणाली, आता कसं नीटनेटकं दिसतंय. मी कपाळाला हात लावला.

वीस तारखेला डॉक्टरबाई स्वतः मागे बसून डोंगरावरच्या वस्तीपर्यंत येणार आहेत. गेल्या महिन्यात लसीच्या चार बाटल्या फुटल्या. आता एक जरी फुटली तरी ती फेरी दुसऱ्या ड्रायव्हरला देणार, असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय. सहा वर्षं मी त्या वाटेने जाते आहे, मामा. मी ती फेरी सोडणार नाही. चकत्या कशा लावायच्या तेवढं कळवा.

घाईतलं अक्षर गोड मानून घ्या.
तुमची भिंगरी

ता. ९ मार्च

चि. भिंगरीस अ. उ. आ.

पत्र वाचून इतका हसलो की सूनबाई पाणी घेऊन धावली. माझी बहीण लहानपणी माझे खिळेसुद्धा उंचीप्रमाणे लावून ठेवायची. जित्याची खोड! तिला बोलू नकोस, चूक तुझी आहे. चकती निघाली की लगेच तारेत ओवायची, हे शंभरदा सांगितलं होतं.

आता डावा शॉकअप खोल. वर्कशॉप विकण्याआधी मी हातावेगळं केलेलं ते शेवटचं काम. डोळे मिटून त्याची नक्कल कर. चकत्यांचा जाड थर पिस्टन आवळणाऱ्या नटाच्या बाजूला, तो गाडीला उसळू देत नाही. पातळ थर दांड्याच्या बाजूला, तो दगड झेलतो. सील चढवताना दांड्याच्या आट्यांवर टेप गुंडाळ, नाहीतर कापलं जाईल. तेल भरल्यावर शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत दांडा हळूहळू वरखाली कर.

आणि रागावू नकोस, पण अ‍ॅक्सिलरेटरवर तुझा पाय जड आहे. बाटल्यांबद्दल बाईंनी मला विचारलं तेव्हा मीही तेच कळवलं. जरा सावकाश चालवत जा.

राग आईवर काढ, माया माझ्यावर ठेव.
तुझा मामा

ता. १४ मार्च

तीर्थरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. डाव्या शॉकअपमध्ये जाड थर दांड्याच्या बाजूला निघाला आणि पातळ नटाखाली. वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. म्हणून पुढचा एक खोलला. त्यात तुम्ही लिहिता तसंच आहे. म्हणजे तुम्ही बसवल्यापासून दोन वर्षं ते डावं चाक प्रत्येक दगडावर आपटत होतं आणि मग उडत होतं. लसीची पेटी त्याच चाकावर असते.

खोटं कशाला बोलू, आधी फार राग आला. माझा पाय जड, असं तुम्ही बाईंना लिहिलंत! मग तुमचे शेवटचे दिवस आठवले. तुम्हाला कपबशी धरवत नव्हती. ते मला दिसत होतं आणि मी गप्प बसले, हे माझंही चुकलंच.

आता दोन्ही बाजूंचं सगळं तुमच्या सांगण्याप्रमाणे भरलं आहे. गॅस टायरवाल्याकडून घातला. आईला चकत्या तारेत ओवायला बसवलं, तिने एकही जागची हलवली नाही. बाईंना मी काही सांगणार नाही. तुम्हीही मनाला लावून घेऊ नका.

रागावले असले तरी तुमचीच,
भिंगरी

ता. १७ मार्च

चि. भिंगरीस अ. उ. आ.

पत्र तीनदा वाचलं. तू सांगणार नसशील, पण मी सांगणार. बाईंना आजच लिहून टाकलं की काम मी उलटं बसवलं, पोरीचा पाय हलका आहे, आणि तिच्यावर ठपका ठेवला याची मला लाज वाटते. वर्कशॉप कंटाळा आला म्हणून विकलं, असं मी सगळ्यांना सांगत आलो. हात चालेनात म्हणून विकलं, पोरी. हे तुलाच पहिल्यांदा सांगतो आहे.

जमलं तर पूर्वीइतकाच मान दे.
मामा

ता. २१ मार्च

तीर्थरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

एकही बाटली फुटली नाही! अहो, अर्ध्या वाटेत डॉक्टरबाईंना चक्क झोप लागली. वस्तीवर पोचल्यावर मीच उठवलं, तर म्हणाल्या, तो खराब रस्ता कधी लागणार?

तुमचं पत्र त्यांना निघतानाच मिळालं होतं, ते त्यांनी वर वस्तीवर बसून वाचलं. घडी घालून माझ्याकडे दिलं आणि म्हणाल्या, फेरी तुझीच. शिवाय दवाखान्याच्या बाकीच्या तिन्ही जीपही आता दुरुस्तीला माझ्याकडेच येणार आहेत. मी हो म्हणून बसले आहे. पण गाडी नुसती चालताना ऐकून, नाही, बघून दोष सांगणारं इथे कोणी नाही. हात माझे आहेत, मामा. नजर तुमची हवी.

विचारत नाही, कळवते आहे. रविवारी सकाळी जीप घेऊन न्यायला येते. आईने खोली आवरून ठेवली आहे, तुमचे कपडे ती उंचीप्रमाणे लावेल तेवढं सोसा.

भेटीअंती बोलूच.
तुमची भिंगरी