खिडकीतला कोट

४ मार्च

माझ्या हातात भाला दिलास! चाळीस वर्षं सुई धरली, आणि तू मला त्या चित्रात डोंगराच्या टोकावर उभं केलंस, केस मोकळे सोडून, हातात भाल्याएवढी लखलखती सुई देऊन. माझा चष्मा कुठे गेला? चष्म्याशिवाय मला सुईचं नेढं सोड, घराचं दार दिसत नाही.

चि. टाचणी, आता आशीर्वाद घे. रागावले म्हणून ते काही कमी होत नाहीत.

फोनवर सांगत नाही, कारण फोनवर तू हो आजी, हो आजी म्हणतेस आणि तुझंच खरं करतेस. कागद पुन्हा वाचावा लागतो. शाळेत दोनच वर्षं गेले, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

शेजारच्या घड्याळवाल्याने त्याच्या फोनवर, गेम विकायच्या दुकानात, तुझ्या गेमचं पान दाखवलं. गेम रफूचा आहे हे मला माहीत, कारण दोन वर्षं तू उभा धागा कसा, आडवा कसा, विचारून माझं डोकं खाल्लंस. त्याला माहीत नव्हतं. तो म्हणाला, म्हातारी भुतांशी लढते वाटतं. चित्राखालचं मी त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. विस्मृतीच्या धूसर विश्वात काळाचे धागे, असं काय काय. सहा ओळी झाल्या तरी माणसाने हाताने करायचं काय, ते येईना. त्याला जांभई आली. त्या दुकानात शेजारी शेजारी शंभर चित्रं, एकेक शर्टाच्या बटणाएवढं, आणि तुझं म्हणजे काळ्या कापडावरचा पिवळा डाग.

चित्र तुझ्या मैत्रिणीने काढलंय म्हणे. तिला सांग, आजी म्हणते, भिकार आहे.

लोभ आहे तेवढा आहे. वाढव म्हणून सांगत नाही.

आजी

११ मार्च

ती. आजीस, शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मी चित्रवालीला वाचून दाखवलं. भिकार हा शब्द गाळणार होते, पण ती माझ्या खांद्यावरून वाचत होती. दोन दिवस बोलली नाही. आम्ही एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसतो, त्यामुळे न बोलणं फार अवघड जातं. चहा झालाय हेसुद्धा तिने चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे सरकवलं.

पण तुझं खोटं नाही. गेम विकत घेण्याआधी लोक पानावर खूण करून ठेवतात, बाहेर पडला की घेऊ म्हणून. आतापर्यंत चारशे बारा खुणा झाल्यात. मी आईला शब्द दिलाय, एक जूनला गेम निघेपर्यंत पाच हजार झाल्या नाहीत तर जुन्या कचेरीत परत जाईन. साहेबांनी जागा तोवरच राखून ठेवलीय. आजी, मला तिथे जायचं नाही गं.

तू म्हणशील, मग रफू का नाही दाखवलंस? दाखवलंय की. पानावर खाली गेममधली आठ चित्रं आहेत, आठही कोट पूर्ण भरलेले, एक टाका दिसत नाही. तूच शिकवलंस ना, अर्धवट काम गिऱ्हाइकाच्या नजरेला पडू द्यायचं नाही. मी ते इतकं नीट पाळलं, की लोकांना नुसते आठ जुने कोट दिसतात. एकाने तर विचारलंय, हा कपाट लावायचा गेम आहे का?

वरचं चित्र म्हणून मग मोठं, भारी काहीतरी काढलं. आता सुचेनासं झालंय. तूच काहीतरी सांग. रागावून सांगितलंस तरी चालेल.

तुझी,
टाचणी

१९ मार्च

चि. टाचणीस आशीर्वाद.

कपाट लावायचा गेम! वाचून मी इतकी हसले की घड्याळवाला उठून बघायला आला.

आता ऐक. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण मला त्याची लाज वाटायची. माझं रफूचं दुकान नवीन होतं तेव्हा मीही तेच केलं होतं. उत्तम भरलेले चार कोट खिडकीत टांगले. लोक आत यायचे आणि कोट केवढ्याला म्हणून विचारायचे. सगळ्यांना वाटलं, मी जुने कपडे विकते. रफू चांगला झाला की दिसत नाही, आणि दिसत नाही ते विकायचं कसं? महिनाभर माशा मारल्या.

मग एका बाईने कोट घ्यायला यायची वेळ चुकवली, आदल्या दिवशीच आली. काम अर्धं झालेलं. मी कोट मागे लपवायला गेले, तर तिने हात धरला. अर्धं भोक उघडं, अर्धं भरलेलं. ती तिथेच उभी राहून बघत बसली. दुसऱ्या दिवशी बहिणीला घेऊन आली.

त्याच दुपारी मी तुझ्या आजोबांचा कोट खिडकीत टांगला. पाठीला एक भोक होतं ते भरलं, आणि त्याच्या शेजारी कात्रीने दुसरं पाडलं. दोन्हींभोवती खडूने गोल काढले. लोक ते बघून रफूला कपडे घेऊन यायला लागले. आजोबा हिवाळाभर माझी शाल पांघरून कामाला गेले आणि लोक विचारतील तेव्हा सर्दी झालीय म्हणत राहिले. त्यांचे उपकार मी तोंडाने कधी मानले नाहीत. इथे मानते.

तो कोट पार्सलने पाठवलाय. चित्रवालीपुढे ठेव. डोंगर नको, वारा नको. एक फाटलेलं, एक भरलेलं, मध्ये हात आणि सुई. बटणाएवढं केलं तरी कळलं पाहिजे. घड्याळवाल्याला लांबून दाखवीन, त्याला कळलं तर जगाला कळलं.

आणि खालचं लिहिताना पहिल्याच ओळीत सांग, की तुम्ही फाटलेला कपडा हातात घ्यायचा आणि धागा धागा करून भरायचा. कुणाचा कपडा, का फाटला, ते नंतर. धूसर विश्व वगैरे घरी ठेव.

आजी

३ जून

ती. आजीस, शिरसाष्टांग नमस्कार, आणि त्याहून जास्त जे काही असेल ते.

सहा हजार तीनशे चाळीस खुणा. एक जूनच्या सकाळी मोजल्या, आईला पुन्हा मोजायला लावल्या. मग साहेबांना जागा नको म्हणून कळवलं. आईने डोळे पुसले आणि मला म्हणाली, आता तरी वेळेवर जेव.

चित्रवालीने कोट खुर्चीवर पसरला आणि चार दिवस नुसती त्याच्याकडे बघत बसली. मग चित्रातला हात काढायला मला सुई देऊन समोर बसवलं. वरचं चित्र तिने अकरा वेळा काढलं, दर वेळी बटणाएवढं करून खोलीच्या दुसऱ्या टोकाला चिकटवायची. खालच्या आठ चित्रांमध्ये आता एकही कोट पूर्ण नाही.

एका अनोळखी माणसाने पानावर लिहिलंय, की चित्र बघून त्याने वडिलांचा स्वेटर पेटीतून बाहेर काढला.

आजी, मी तुझी आभारी आहे असं लिहिलं तर तू चिडशील. तरी लिहिते. तुझ्याकडे बसून शिकले नसते, तर माझ्याकडे करायला गेमच नसता.

कोट परत पाठवू का? आणि दुसरं भोक अजून उघडंच आहे. मी भरू?

तुझी,
टाचणी

१० जून

चि. टाचणीस आशीर्वाद.

त्या माणसाला म्हणावं, स्वेटर आधी उन्हात घाल, कसर लागली असेल.

घड्याळवाल्याला रस्त्याच्या पलीकडून चित्र दाखवलं. तो ओरडून म्हणाला, रफू! मग जवळून मी बघितलं. अंगठा माझा आहे. सुई धरताना बाहेर वळतो, तो वाकडेपणा मी तुला शिकवला नव्हता, तू चोरलास. ठेव आता.

चाळीस वर्षं माझं काम कुणाला दिसलं नाही, यातच माझा मोठेपणा होता. सहा हजार माणसांनी ते बघितलं, तर मला वाईट वाटलेलं नाही. एवढंच लिहिते. याहून गोड माझ्याच्याने होत नाही.

पहिलं चित्र भिकार होतं, ते मागे घेत नाही. दुसरं फार चांगलं आहे, हे मात्र चित्रवालीला लिहून देते. जपून ठेव म्हणावं, मी असं कुणाला लिहून दिलेलं नाही.

कोट परत नको. तुमच्या टेबलाजवळच्या खिडकीत टांगा. आणि दुसऱ्या भोकाला तू हात लावायचा नाहीस. तू भरलंस तर दिसणार नाही, तुला मी शिकवलंय. चित्रवालीला भरू दे. तिचं वेडंवाकडं होईल, दिसेल. दिसू दे.

भरून झालं की कसं झालं ते मला कळवा, पण तू नाही. या पत्राचं उत्तर तिनेच द्यायचं, स्वतःच्या हाताने. तुझ्या अक्षरातलं पाकीट आलं तर मी उघडणार नाही.

आजी