साक्षीदार येथे पाणी पितो

तीर्थस्वरूप दाजींस,

कमरेतून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. (उरलेला नमस्कार ताईनं माझ्या वतीनं घालावा.) तुमचे गुडघे, ताईचा खोकला आणि टीव्हीच्या आवाजावरून तुम्हा दोघांचं चालणारं भांडण, सगळं पूर्वीसारखंच असेल अशी आशा करतो. पूर्वीसारखं म्हणजे ठीकच.

प्रमाणपत्र मिळालं. फी म्हणाल तर किरकोळ होती. खरी किंमत पडली ती अशी: दोनदा नापास होणं, काचेच्या दारावर सपाट झालेलं एक नाक, दुकानातला एक कारागीर (तो अजून माझ्याशी गाल फुगवूनच बोलतो), आणि ‘मला कुणाची मदत लागत नाही’ हे वाक्य, जे मी एकतीस वर्षं वापरलं आणि आता पार झिजून गेलं. बदल्यात दुकान राहिलं, आणि तुमचा हा मेहुणा वर्गात पहिला आला. पुन्हा सांगतो, पहिला. तुम्ही हेडमास्तर होतात आणि आमचे दाजी व्हायचे होतात, तेव्हा ‘याच्या हातात पाना द्या, पेन नको’ असं माझ्या वडिलांना सांगितलं होतंत. पेन मी एकदाच हातात घेतलं, त्याबद्दल पुढं येईलच.

डोळे गेले ते तुम्हाला माहीत आहे. पंपाच्या नि पंख्याच्या मोटारी दुरुस्त करणं त्यामुळं थांबलं नाही, कारण मोटार बिघडली की आधी कानालाच सांगते. पण यंदा नियम आला, की दुकानाच्या मालकाकडे प्रमाणपत्र नसेल तर महिनाअखेरीला परवाना संपला. म्हणून त्याआधीच कुणकुण लागताच छप्पन्नाव्या वर्षी कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. प्रात्यक्षिकात मी मास्तरांनाच दोन गोष्टी शिकवल्या. लेखीत मात्र आडवा झालो. लेखीला तीनदा बसता येतं; तिसऱ्यांदा गेलं की नाव कमी आणि दुकानाला टाळं.

पहिल्या वेळी दिसत नाही हे मी कुणाला कळूच दिलं नाही. ऐटीत बसलो, शेजारचा पुटपुटत वाचत होता ते प्रश्न कानानं टिपले, तीन तास लिहिलं, एकाच ओळीवर अकरा ओळी. उत्तरपत्रिकेवर शेरा आला, ‘शाई सांडल्यामुळे वाचता येत नाही.’ दुसऱ्या वेळी लेखनिक म्हणून माझाच कारागीर नेला. लेखनिकाला त्या विषयातलं काही येता कामा नये असा नियम आहे, हे मला कुठलं ठाऊक? पहिल्याच प्रश्नाला तो भर वर्गात म्हणाला, “मालक, चुकताय.” दोघांनाही बाहेर काढलं. (त्या भरात काचेचं दार राहिलं लक्षात घ्यायचं.)

नाक धरून उभा होतो, तेव्हा कुणीतरी दंड धरून मला जिन्याखाली नेलं. दाजी, ज्यानं हे कॉलेज बांधलं त्यानं गरजू आणि अपंग विद्यार्थ्यांचा सहाय्य कक्ष दुसऱ्या मजल्यावर ठेवलाय, आणि लिफ्ट नाही. चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्यानं वर कसं जायचं? म्हणून तिथल्या बाई रोज सकाळी रजिस्टर, शिक्के आणि घडीचं टेबल काखेत मारून खाली येतात आणि दिवसभर जिन्याखाली बसतात. वर फक्त पाटी आहे. मी नाकाला ओला रुमाल लावून तासभर नुसता कान देऊन होतो. पहाटे इमारती झाडून वर्गाला येणाऱ्या एका बाईंना बसचा पास मिळाला. ऐकू न येणाऱ्या एका मुलीला वर्गातली टिपणं मिळाली, वर ‘कालची दोन पानं परत कर’ असा दमही मिळाला. मग माझी पाळी.

“इतके दिवस का आला नाहीत?”

“मला वाटलं, हे अपंगांसाठी आहे.”

“बरोबर वाटलं. बसा.”

त्यांनी मला बोलकी पुस्तकं दिली, तासाला वीस मिनिटं जादा वेळ मंजूर करून घेतला आणि लेखनिक दिला. हे गृहस्थ कोर्टात चौतीस वर्षं साक्षी उतरवून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना शिरस्तेदार म्हणतो. विजेतलं त्यांना एवढंच येतं, की बटण खाली केलं की दिवा लागतो. (हे पत्रही तेच उतरवून घेताहेत. सांगणारे येथे हसतात.)

परीक्षा छान गेली. मी सांगत होतो, त्यांचं पेन धावत होतं, कुठं अडणं नाही. शेवटी दहा मिनिटं उरली, तेव्हा ते शिरस्त्याप्रमाणं मला सगळं वाचून दाखवू लागले. मी उत्तर म्हणून सांगितलेलं त्यात होतं, आणि स्वतःशी पुटपुटलेलंही होतं. सगळं. खोडा म्हटलं, तर म्हणाले, “एकदा दिलेली साक्ष खोडत नाहीत. संशय येतो.” आणि खाली लिहिलं, ‘वाचून दाखवले, बरोबर आहे.’

पंधरा दिवसांनी विभागप्रमुखांनी बोलावलं. बाई सोबत आल्या. साहेबांनी माझी उत्तरपत्रिका मोठ्यानं वाचायला घेतली. “मोटार गरम होण्याची कारणे. एक, जादा भार. दोन, कमी दाब. तीन, बेअरिंग घट्ट होणे. बास, पुस्तकात एवढंच आहे. खरं म्हणजे दहातल्या सात वेळा जाळीत कचरा असतो, पण ते गिऱ्हाइकाला सांगणं जिवावर येतं. साक्षीदार येथे पाणी पितो. या पर्यवेक्षकाच्या डाव्या बुटाची टाच करकरते, खिळा निघालाय.” मग म्हणाले, “याला मी उत्तर म्हणू?”

बाईंनी नियमांचं पुस्तक उघडल्याचा आवाज आला. लेखनिकानं उमेदवार बोलेल ते जसंच्या तसं लिहावं, काही गाळू नये. “साहेब, हा नियम पाळलेली या कॉलेजातली ही पहिलीच उत्तरपत्रिका आहे. तुम्ही नापास कुणाला करताय?”

“आणि ते पाणी?”

“पाणी पिण्याबद्दल गुण देऊ नका.”

मग बाईंनी तपासनिसाचे शेरे वाचले, तर तो कारखान्यात मुरलेला जुना माणूस निघाला. पुस्तकी उत्तरांपुढं त्यानं ‘ठीक’ लिहिलं होतं, आणि माझ्या प्रत्येक पुटपुटण्यापुढं बरोबरची खूण. साहेब पुन्हा पानं उलटू लागले. तेवढ्यात त्यांच्या डोक्यावरचा पंखा मला ऐकू आला, आणि मी सवयीनं म्हणून गेलो, की साहेब, खालून उठा, याचा वरचा नट सुटत आलाय. साहेब उठले. शिपाई स्टुलावर चढला आणि नट त्याच्या हातात आला. अडुसष्ट गुण, दाजी. परवान्यावर काल शिक्का बसला, आणि जिन्याखालच्या टेबलाभोवती एवढ्या टाळ्या झाल्या, की दुसऱ्या मजल्यावरची रिकामी खोलीसुद्धा दणाणली असेल.

ताईला सांगा, तब्येत उत्तम आहे, नाकही जाग्यावर आहे.

तुमचा,
पाना हातात दिलेला मेहुणा

ता. क. यंत्रात उजव्या हाताची बोटं गेलेला एक माणूस पुढच्या महिन्यात हीच परीक्षा देतोय. लेखनिक मिळाला नाही तर त्याचं वर्ष जाईल. शिरस्तेदारांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. बाईंना अक्षर सुवाच्य असलेला आणि विजेतलं काडीचंही न कळणारा माणूस हवा. फ्यूज उडाला की तुम्ही ताईला हाक मारता हे मी त्यांना सांगितलं आणि तुमचं नाव लिहून दिलं. सोमवारी दहाला या. नाही म्हणायचं असेल तर बाईंना समोर येऊन म्हणा. मला जमलं नव्हतं.

आणखी ता. क. शिरस्तेदार म्हणतात, साक्ष पुरी झाली पाहिजे. तर लिहितो, की या खेपेला लेखीला आम्ही दोघंच होतो, आणि दुसरा ताप आल्यामुळं अर्ध्यातून उठून गेला.