वाफेच्या प्रेसमधला हात

३ मार्च

चि. धाकल्यास,
अ. उ. आ.

तुझ्या सासूबाई उठून बसू लागल्या हे वाचून जीव भांड्यात पडला. जावयाच्या हातचा स्वयंपाक खावा लागला की कुणीही अंथरूण सोडून पळेल म्हणा!

इकडे तुझी लाँड्री व्यवस्थित चालू आहे. हॉटेलच्या चादरी वेळेवर गेल्या. एकच सांगायचं राहिलं. परवा मोठ्या प्रेसचं झाकण उजव्या हातावर आलं. डॉक्टरांना मात्र मी घरी उकळतं पाणी सांडलं म्हणून सांगितलं. कामावर लागलं म्हटलं तर सरकारी माणसं दुकानाला टाळं ठोकतात, असं आपल्या टेम्पोवाल्यांचं म्हणणं. तुझ्या पाठीमागे नसती आफत नको. डॉक्टर बोटांच्या व्यायामाला जा म्हणत होते, पण एवढ्याशा भाजण्याला तो खर्च कशाला? डाव्या हाताने लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

आठवण ठेव, तब्येत सांभाळ.
तुझी आक्का

१२ मार्च

ती. आक्कास,
शि. सा. न.

पत्र वाचलं आणि जेवणावरून उठलो. दुसऱ्याच दिवशी इथल्या कामगार भरपाई कार्यालयात गेलो. तिथे मालकांना सल्ला द्यायला वेगळी खिडकी आहे. चोरासारखा उभा होतो. खिडकीतल्या बाईंनी आधी काय विचारावं, तर बहिणीचा हात आता कसा आहे. मी तुझं पत्रच त्यांच्यापुढे केलं.

त्या म्हणाल्या, पगारावर आहे म्हणजे सख्खी बहीण असली तरी कामगारच. औषधपाणी, व्यायाम, बुडालेला पगार, सगळं विम्यातून मिळतं. अपघात कळवला म्हणून कुणी टाळं लावत नाही. मशीन तेवढं तपासतात. आक्का, तो विमा मी दरवर्षी भरतो. तो तुझ्यासाठी आहे, हे तुला सांगायचं मला कधी सुचलंच नाही.

मी अपघात कळवला आहे. उशीर झालाय, पण दावा करता येतो. तुमच्याकडच्या कार्यालयात कामगारांसाठी सल्लागार असतो, फुकट. त्याला खरं काय ते सांग. आणि प्रेस आजच बंद कर.

रागाव, पण अंतर देऊ नकोस.
तुझा धाकल्या

२० एप्रिल

चि. धाकल्यास,
अ. उ. आ.

दावा मंजूर झाला. सल्लागार मुलगा गुणी निघाला. माझ्याबरोबर डॉक्टरांकडे आला आणि नोंद दुरुस्त करून घेतली. डॉक्टर म्हणाले, पाणी सांडून हात दोन्ही बाजूंनी सारखा भाजत नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी दिसलं होतं. मी मान वर केली नाही.

व्यायाम सुरू आहे. लगेच गेले असते तर बरं झालं असतं, असं तिथल्या बाई हळूच बोलल्या. दोन बोटं आता वळायची नाहीत. तू स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. अर्धा दोष माझ्या शहाणपणाचा. प्रेसला हात आत असला की बंदच न होणारं नवं झाकण बसलंय. मी आता काउंटरवर बसते.

काल नव्या इस्त्रीवाल्या बाईला चटका बसला. तिने हात पदराखाली लपवला. मालक रागावतील म्हणाली. मी हात ओढून नळाखाली धरला आणि सांगितलं, मालक माझा धाकटा भाऊ आहे, त्याचा राग मी बघून घेईन. मग तिला दवाखान्यात नेलं आणि कामावर भाजलं हे तिच्याच तोंडून वदवलं.

तिची मूठ नीट वळते. मी तीनदा वळवायला लावली.

लवकर ये. माया आटू देऊ नकोस.
तुझी आक्का