कोटिंग ओलं होतं तेव्हा

प्रिय सनोक,

तू कुठल्या गावात आहेस ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही तेच बरं. हे पत्र मी आधारगृहाच्या बाईंच्या हाती देईन, त्या तुला पोचवतील. तुझ्या सोल्बीला तिथली शाळा आवडते, असं त्या म्हणाल्या. ऐकून मी दुकानातच खाली बसले आणि रडले, आणि गाडी पुसत असलेल्या दाल्सूला वाटलं माझं पुन्हा काही दुखायला लागलं. तो बिचारा गरम पाण्याची पिशवी घेऊन आला. इकडे उल्सानमध्ये थंडी पडली आहे. समोरच्या खानावळीच्या मालकीणबाई रोज दुपारी डुकराच्या मटणाचा रस्साभात पाठवतात, आणि मी संपवेपर्यंत दारात उभ्या राहतात. दुकान चालू आहे. गाड्या येतात, धुऊन जातात. मोठी कामं सध्या घेत नाही.

तू घर सोडून गेलीस त्या दिवशी दुकानात काय झालं ते तुला कोणी धड सांगितलेलं नाही. 'ताई पडली, हाताला लागलं,' एवढंच सांगा, असं मीच बाईंना बजावलं होतं. आता सगळं सांगते. सोल्बी झोपली की मग वाच.

आधी गाडीचं ऐक, कारण ते तुलाही अर्धंच माहीत आहे. बाजारातल्या ढकलगाडीनं तुमच्या काळ्या गाडीच्या दाराला ओरखडा पडला आणि त्यापायी तुझ्या नवऱ्यानं, दोंगप्योनं, तुझं गळ्याजवळचं हाड मोडलं. तू मला 'जिन्यावरून घसरले' म्हणालीस. ते दार दुरुस्तीला माझ्याकडेच आलं, सनोक. नखानं चाचपला तरी न लागणारा ओरखडा होता तो. चिमूटभर पॉलिश लावून मी हातानं पुसला आणि तो गेला. पुसताना मला तुझा गळपट्टीत अडकवलेला हात दिसत होता. त्या दिवशी मी ठरवलं की तुला तिथून काढायचं. तू म्हणत होतीस, कसं निघणार, तो दुपारच्या सुट्टीत रोज गाडी काढून घरी येतो, जेवायला नाही, मी आहे की नाही ते बघायला. म्हणजे अडचण गाडीची होती. आणि गाड्या ताब्यात ठेवणं हा तर माझा धंदाच.

चुसोकच्या सणाआधी तो स्वतःहूनच आला. गावी थोरल्या भावाकडे जायचं होतं, गाडी चमकायला हवी होती. द्राक्षांची पेटी घेऊन आला, वाकून नमस्कार केला, किती गोड बोलतो ते तुला माहीतच आहे.

"ताई, तो सिरॅमिक स्प्रे मारून द्या. इंटरनेटवर सगळं बघितलंय मी. तासाभराचं काम आहे, मी इथेच थांबतो."

आणि खरं सांगू? तो बरोबर होता. त्याची गाडी तळघरात उभी असते, ना ऊन ना पक्ष्यांची घाण, दर आठवड्याला स्वतः धुतो. असल्या गाडीला स्प्रे भरपूर झाला. धुवायची, मारायचा, कोरड्या फडक्यानं पुसायचा, तीनचार महिने पाणी थेंब होऊन ओघळतं, उतरला की पुन्हा मारायचा. दुसरं कुठलंही गिऱ्हाईक असतं तर मीच म्हटलं असतं, कोटिंग कशाला करता, त्या पैशात बायकोला घेऊन जेजू बेटावर फिरून या. कोटिंग म्हणजे रंगाशी लग्न लावणं. आधी पॉलिश करून एकूण एक वळ काढायचा, तेलाचा अंश पुसायचा, मग छोट्या बाटलीतून थेंब थेंब घेत हातभर चौकोन धरून लावायचं, धुरकट झालं की पुसायचं, आणि दिव्यांखाली वाळवायचं. वाळेपर्यंत पाण्याचा थेंब पडता कामा नये. पडला तर डाग बसतो, आणि तो काढायला पुन्हा सगळं घासून पहिल्यापासून. वर्षानुवर्षं टिकतं हे खरं, पण गाडी दिवसच्या दिवस दुकानात अडकून पडते. मला तेच हवं होतं.

मी म्हटलं, "स्प्रे मारायचा तर आत्ता मारते. माझं काय जातंय? तुमच्या थोरल्या भावानं काय केलंय त्यांच्या गाडीला?"

"कोटिंग," तो म्हणाला.

"हं. मग सणाला दोन्ही गाड्या अंगणात शेजारी शेजारी उभ्या राहणार. वहिनी म्हणतील, धाकट्या भावजींची गाडी पण बरी आहे हो."

त्याचा चेहरा बघायला हवा होतास. मागे दाल्सू फडकी पिळत होता, त्यानं हसू लपवायला बादलीत तोंड घातलं.

"किती दिवस लागतात?" त्यानं विचारलं.

"तीन. एक दिवस पॉलिश, दुसऱ्या दिवशी कोटिंग, तिसऱ्या दिवशी वाळवण. घाई असेल तर स्प्रेच बरा."

"नाही नाही, ताई. कोटिंग करा. भावाच्या गाडीपेक्षा काकणभर सरस करा."

किल्ली त्यानं स्वतःच्या हातानं माझ्या हातात ठेवली. पुढचं तुला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी तो कारखान्याच्या बसनं कामावर गेला, दाल्सू दुकानाची व्हॅन घेऊन तुमच्या इमारतीखाली आला, तू सोल्बीचं दप्तर आणि ती कुंडी घेऊन निघालीस. कुंडी कशाला घेतलीस ते मला अजून कळलेलं नाही.

दाल्सू परत आल्यावर आम्ही कोटिंग लावायला घेतलं. फेकून द्यावी अशी ती गाडी, पण हात ऐकत नाहीत ग, काम धड केल्याशिवाय राहवत नाही. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा शेवटचा पत्रा पुसून झाला होता आणि दिवे लावले होते. माझ्या हातून इतकं सुंदर काम आजवर झालेलं नाही. बॉनेटमध्ये छपराचा खिळा न् खिळा दिसत होता. आणि त्या बॉनेटमध्येच मला तो दिसला. टॅक्सीतून उतरला, दार उघडंच टाकून आत आला, पायात घरातल्या सपाता.

"कुठं आहे ती?" तो म्हणाला. ओरडला नाही.

"मला काय माहीत? बाजारात गेली असेल."

"सोल्बीचे कपडे नाहीत घरात."

दाल्सू मध्ये आला. तुला माहीत आहे तो केवढा आहे, पण जन्मात कुणावर हात उचललेला नाही. म्हणाला, "साहेब, बसा, बार्लीचा चहा टाकतो." दोंगप्योनं भिंतीला टेकवलेला जॅकचा दांडा उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज झाला. दाल्सू खाली बसला, तर दुसरा फटका जबड्यावर. दात फरशीवर घरंगळत गेले. मी किंचाळले असेन, मला आठवत नाही. तो माझ्याकडे वळला. मग मी भिंतीपाशी होते आणि तो दांडा वर उचलत होता. डोकं वाचवायला मी उजवा हात वर केला.

पहिल्याच फटक्यात मनगट गेलं. दुसरा बोटांवर बसला. तिसरा मी चुकवला, तर मागच्या फळीवरच्या बाटल्या फुटल्या आणि सगळीकडे तो लोखंडाचा गंज काढायचा जांभळा द्राव सांडला, सडक्या अंड्यांसारखा वास. मी त्यात घसरून पडले. तो माझ्या बरगड्यांत लाथा घालत होता आणि प्रत्येक लाथेला एकच, "सांग. सांग. सांग." मी काही सांगितलं नाही. शूर म्हणून नाही ग, श्वासच येत नव्हता.

पडल्या पडल्या डाव्या हाताला गाड्या धुवायच्या पाण्याच्या बंदुकीचा पाइप लागला. वाटलं, त्याच्या तोंडावर मारावा फवारा. पण मग विचार आला की हा डोळे पुसून पुन्हा येईल. म्हणून मी ती बंदूक गाडीवर धरली. पूर्ण जोरानं. बॉनेट, छप्पर, दारं, सगळ्या ओल्या कोटिंगवर.

सनोक, तो माणूस असा ओरडला, असं ओरडताना मी कुणाला ऐकलं नाही. दांडा टाकला आणि धावला. अंगातला शर्ट ओरबाडून काढला आणि बॉनेटवर आडवा पडून पुसायला लागला. "काय केलंस! काय केलंस!" पुसेल तेवढं ते फरकटत होतं, मी पाणी मारतच होते. दाल्सू मोडक्या गुडघ्यानं सरपटत गेला, त्याचे पाय धरून त्याला खाली ओढलं आणि पाठीवर बसला. त्याच्या तोंडातलं रक्त दोंगप्योच्या मानेवर गळत होतं. जबडा सुटलेला, तरी बोबडं बोबडं म्हणत होता, "हलू नका, साहेब, हलू नका."

तिथे संपलं असतं. समोरच्या खानावळीच्या बाईंनी पोलिसांना फोन केला होता. पण मी उठले, डाव्या हातानं दांडा उचलला आणि त्याच्या डोक्याशी जाऊन उभी राहिले. ते डोकं मी फोडणार होते. खोटं कशाला सांगू? दाल्सूनं मान वर करून नुसतं बघितलं माझ्याकडे. मग मी गाडीकडे वळले. पुढची काच, मागची काच, दिवे, ज्या दारापायी तुझं हाड मोडलं ते दार, आणि बॉनेट, बॉनेट किती वेळा ते देव जाणे. डाव्या हाताला सवय नाही, प्रत्येक फटक्याला तुटक्या बरगड्या आत टोचत होत्या, पण मी थांबले नाही. मी प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगते की कोटिंग धुळीला अडवतं, घाणीला अडवतं, दगडाला नाही अडवत. पोलीस आले तेव्हा तो जमिनीवर गाल टेकून हमसून हमसून रडत होता, आणि त्या तरुण पोलिसाला कळेना की यात मार खाल्लेला कोण आणि मारणारा कोण. गाडी फोडल्याबद्दल मला दंड झाला. तो भरताना मला सण असल्यासारखं वाटलं.

आता हाताचं. पट्ट्या घातल्या, खिळे घातले. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट हलतं, बाकीची तीन वाकत नाहीत. डॉक्टर म्हणतात वाकतील, पण माझ्या डोळ्यांत न बघता म्हणतात. म्हणून हे अक्षर असं आहे, डाव्या हातानं लिहितेय, आणि म्हणून मोठी कामं बंद. कोटिंग लावायला बोटं लागतात, दाब कळावा लागतो. स्प्रे डाव्या हातानंही मारता येतो, पुसायला दाल्सू आहे. गुडघा वाकत नाही म्हणून तो चाकांच्या स्टुलावर बसून गाडीभोवती फिरतो. गिऱ्हाइकं हसतात, मग तोही हसतो, नवे दात दाखवून.

हे मी तुझ्यावर ओझं टाकायला लिहीत नाही. काल न्यायालयात दोंगप्यो उभा राहिला, राखाडी सूट घालून. खूप रडला. त्याचा वकील म्हणाला की अशिलाला रागाच्या भरात काही दिसत नाही, डोळ्यांपुढे अंधारी येते, तो उपचार घेतोय, आणि पत्नीनं सासूबाईंना फोन करून घरी परत यायचं कबूल केलं आहे. माझा विश्वास बसला नाही. आधारगृहाच्या बाईंना विचारलं, तर त्या सोल्बीच्या शाळेचं बोलायला लागल्या, आणि मला कळलं की तू खरंच फोन केलास. अंधारी येते, हे तो तुलाही सांगत आलाय, प्रत्येक वेळी, पाय धरून. म्हणून एक गोष्ट तुला सांगायची आहे, जी मी पोलिसांना सांगितली पण तुला सांगायला धजत नव्हते. दाल्सूला पाडल्यावर तो माझ्याकडे वळला, तेव्हा मी भिंतीपाशी नव्हते. मी गाडीला टेकून उभी होते. त्यानं दांडा उचलला, आणि थांबला. माझ्या खांद्यावरून बॉनेटकडे बघितलं. मग दांडा काखेत धरला, माझे केस मुठीत पकडले आणि मला ओढत भिंतीपर्यंत नेलं. आणि अगदी शांतपणे म्हणाला, "इकडे या, ताई. ते ओलं आहे अजून, रक्त उडेल त्याच्यावर." त्यानंतर मारलं. त्याला सगळं दिसत होतं, सनोक. कोटिंग वाळलं नाही हेसुद्धा दिसत होतं. आता जायचं की नाही, ते तू ठरव.

तुझीच, जिला तुझ्या कुंडीला फूल आलं की कळवायचं ती,
ह्येरानताई